मी बारीक होतो, तेव्हा टाळ्या पडतात

मित्रांनो, मी एक जुने घुबड आहे. दचकू नका. मी ओरडून कोणाची झोप मोडत नाही. उलट इथे रोज माझीच झोप मोडते. मी एका कॅफेत कामाला आहे. दूरदेशांहून फिरायला आलेली माणसे इथे येतात, फेसावर घुबडाचे डोळे काढलेली कॉफी पितात आणि आम्हाला हात लावून जातात. कॉफी त्यांनी प्यायची आणि दिवसभर जागायचे मात्र आम्ही, असा इथला कारभार आहे.

माझा जन्म झाडाच्या ढोलीत झाला नाही. विजेच्या दिव्याखाली, एका पेटीत मी अंडे फोडून बाहेर आलो. आई कशी असते ते मला ठाऊक नाही; मला चिमट्याने भरवत. डोळे नीट उघडले तेव्हा पायात चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याचे दुसरे टोक खुंटाला बांधलेले. खुंटावर प्लॅस्टिकचे गवत, छताला प्लॅस्टिकची पाने. रान म्हणतात ते हेच, असे मला बरीच वर्षे वाटायचे. दुकान उघडे असेपर्यंत आम्हाला पाणी मिळत नाही. पाणी प्यायलेला पक्षी घाण करतो आणि गिऱ्हाइकाचे कपडे खराब होतात.

आमच्या जातीला एक खोड आहे. मोठा पक्षी समोर आला की आम्ही पिसे अंगाशी आवळतो, मान ताणतो, डोळे किलकिले करतो आणि सुकलेल्या फांदीसारखे गप्प उभे राहतो. खाणाऱ्याला वाटावे, इथे कोणी नाहीच. जीव वाचवायची ही आमची एकुलती एक युक्ती. मालकिणीने ती पाहिली आणि तिचा खेळ केला. पलीकडच्या खुंटावरचे थोरले घुबड हातावर घेऊन माझ्यासमोर आणायचे, मी बारीक व्हायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. दारात माझा भलामोठा फोटो लागला. मला वाटले, चला, आपले नाव झाले.

त्या थोरल्या घुबडाला सगळे आजोबा म्हणत. त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. पण रोज रोज भेटणाऱ्याची भीती टिकणार किती? दुकान बंद झाले की आमचे खुंट शेजारी ठेवत. पट्टा ताणला की आजोबांची चोच माझ्या मानेपर्यंत पोचायची, आणि जिथे माझी स्वतःची चोच जात नाही तिथली पिसे ते हलकेच सारखी करून द्यायचे. मला जन्मात कोणी माया लावली असेल, तर ती त्यांनीच. ते म्हणायचे, "पोरा, उद्या जरा मनापासून बारीक हो. नाहीतर दोघांचीही धडगत नाही."

मी पुष्कळ प्रयत्न केला. पण आजोबा समोर आले की माझी पिसे सुखाने फुलायची. फोटोतले घुबड वेगळे होते की काय, अशी गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू झाली. तेव्हा मालकीण कामाच्या मुलीला म्हणाली, "म्हाताऱ्याचं खाणं बंद कर. भूक लागली की बघेल नीट त्याच्याकडे."

तसेच झाले. काही दिवसांतच आजोबांची नजर बदलली. ज्याला ते पोरा म्हणायचे तो त्यांना दिसेनासा झाला. समोर दिसत होता तो घास. माझी पिसे आपोआप अंगाशी आवळली आणि मी फांदी झालो. टाळ्यांनी दुकान दणाणले. खुंट शेजारी ठेवणे बंद झाले. खेळ संपला की आजोबा भिंतीकडे तोंड करून बसत.

अशातच एक कुटुंब फिरत फिरत आत आले. आई, बाबा, आत्या आणि लाल टोपी घातलेली एक मुलगी. खेळ झाला, सगळे हसले, पण मुलगी हसली नाही. ती जवळ आली, माझ्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांत वाकून पाहू लागली आणि म्हणाली, "बाबा, ते घाबरलंय."

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. लोकांना कळत नाही म्हणून ते हसतात, अशी माझी पक्की समजूत होती. एकाला जरी कळले तरी खेळ थांबेल, आजोबांना पोटभर मिळेल आणि त्यांची चोच पुन्हा माझ्या मानेपाशी येईल. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आईने कामाच्या मुलीला विचारले, "खरंच घाबरतं का हो ते?"

"हो ना," ती टेबल पुसता पुसता म्हणाली. "मोठ्याला उपाशी ठेवतो आम्ही. त्याशिवाय हे बारीकच होत नाही."

"अगं बाई! बिच्चारं," आत्या म्हणाली आणि तिने कॉफीचा घोट घेतला.

"परत एकदा करता का?" बाबांनी विचारले. "मघाशी फोटोत तुमचा हात मध्ये आला."

मी मुलीकडे पाहत राहिलो. ती अजून विचारातच होती. मग तिने दोन्ही हातांची बोटे नखांसारखी वाकवली, तोंड माझ्या अगदी जवळ आणले आणि ओरडली, "भॉ!"

मी बारीक झालो. ते माझ्या हातात नव्हते.

"मला जमलं! त्या मोठ्याशिवायच जमलं!" ती टाळ्या पिटत नाचू लागली. मग बाबांनी केले, आईने केले. आत्याने तर 'नको गं बाई' म्हणत म्हणत दोनदा केले. बघता बघता रांग लागली. मालकीण काउंटरवर कोपरे टेकून सगळे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोखाली पाटी लागली, 'भॉ करा, बारीक करा'. आजोबांना पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. चिकटपट्टी लावताना आतून थोडी खुडबुड झाली, फार नाही. त्यांच्या अंगात तेवढाही जोर उरला नव्हता. "कुठे पाठवलंत हो त्यांना?" एका गिऱ्हाइकाने सहज विचारले. "कुठे पाठवणार? इतकं सुकलेलं कोण घेतंय," कामाची मुलगी म्हणाली. त्यांच्या खुंटाला आता लोक ओल्या छत्र्या अडकवतात.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी परदेश पाहायला जाल. एखाद्या दारात घुबडाचा फोटो दिसेल, आतून हसण्याचा आवाज येईल. माझी भीती ओळखा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. ती ओळखणारी मुलगी येऊन गेली. तुम्ही फक्त आत येऊ नका.