हिरवे धागे

शिबिराचा शेवटचा दिवस होता. चारला बस सुटायची होती आणि नीरजाने अहवालाचं पहिलं वाक्य जेवणाआधीच लिहून ठेवलं होतं: बत्तीसपैकी तीस धागे हिरवे.

फुलंब्रीच्या पुढे, भाड्याने घेतलेल्या शेतावर ती तीन वर्षं हे उन्हाळी शिबिर चालवत होती. शहरातल्या पालकांच्या फीवर खेड्यातल्या मुलांच्या जागा फुकट निघत. नियम एकच. रोज सकाळी प्रत्येकाने मनगटाला धागा बांधायचा. बरं वाटत असेल तर हिरवा, बोलायचं असेल तर लाल.

साडेतीनला स्वयंपाकाच्या लक्ष्मीबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"ताई, ती संस्कृती हाय ना, तिनं मला हे दिलं." त्यांच्या मुठीत चांदीचे पैंजण होते. "म्हनली, मावशी, तुमच्या नातीला घाला."

"लळा लागला असेल तुमचा."

"लळा ठीक हाय हो. मी म्हनलं, माय वरडंल ना? तर हसली. म्हनली, आता नाय वरडनार."

नीरजाचं पेन थांबलं.

सकाळी शिबिरातल्या देवेशच्या हातात संस्कृतीचं घड्याळ दिसलं होतं. काल शहरातून, उस्मानपुऱ्यातून आलेल्या मनस्विनीकडे तिची चित्रवही होती. नीरजाने दोन्ही वेळा कौतुक केलं होतं, फोटोही काढला होता. पहिले तीन दिवस धड न जेवलेली ही पोर परवापासून गाणी म्हणत होती. गुण आला, असं नीरजा धरून चालली होती. आणि स्वयंसेवकांना दर वर्षी ती स्वतःच बजावायची: खचलेलं पोर एकाएकी शांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर हातातलं टाकून धावा.

ती धावली.

बसपाशी स्वयंसेवक सुदर्शन बॅगा चढवत होता. "संस्कृती? पाण्याच्या टाकीच्या मागं गेली. काय झालं मॅडम? तिचा तर रोज हिरवाच असतो."

टाकीच्या सावलीत संस्कृती अनवाणी बसली होती. चपला बाजूला, नीट जोडून ठेवलेल्या.

"तुम्ही व्हा पुढं, ताई. मी येते मागून."

"तुझा धागा हिरवा होता गं."

"पयल्या दिवशी लाल बांधला होता. सुदर्शनदादांनी माइकवर पुकारलं, लालवाले लिंबाखाली या. पोरं लागली वरडायला, लालपरी सुटली, लालपरी! मग रोज हिरवा बांधला. कुनी काय इचारलं नाय."

ती आरोळी नीरजानेही ऐकली होती. एसटीचं नाव ऐकून तिला हसू आलं होतं.

ती खाली मातीत बसली आणि सरळ विचारलं, "संस्कृती, मरायचं मनात आहे का?"

बसचा हॉर्न वाजला. पोरगी चपलांकडे बघत राहिली.

"व्हय."

नीरजाने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने सुदर्शनला फोन लावला. "बस जाऊ दे. गाडी टाकीपाशी आण. फुलंब्रीच्या डॉक्टरांना सांग, आम्ही येतोय. हिच्या आईला तिथंच बोलाव."

बस निघाली. आतल्या मुलांचं गाणं रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

"किती वेळ धरून बसणार, ताई?" संस्कृतीने विचारलं. आवाज शांत होता.

नीरजाने पकड घट्ट केली. मनगटावरचा हिरवा धागा तिच्या तळहाताला रुतत होता.