विसरलेली पिशवी

उल्का पेंडसे शुक्रवारपासून चिडलेली होती. शुक्रवारी सकाळी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन जपानातल्या उरायासु शहराहून निघाली तेव्हा चिडलेली होती, शनिवारी होती, रविवारी होती, आणि आता सोमवारी सकाळी सात वाजता एका कोन्बिनीसमोर, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानासमोर, गाडी लावून तिथल्या कॉफीचा पहिला घोट घेतानाही होतीच. आणि का नसेल?

ही सगळी हौस तिच्या नवऱ्याची, देवदत्तची. मे महिन्याची मोठी सुट्टी येतेय, कॅम्पिंगच्या जागा भरतात, आत्ताच बुकिंग कर, असं ती मार्चपासून सांगत होती. देवदत्त हो हो म्हणत राहिला आणि एप्रिल संपता संपता सगळ्या जागा भरल्यावर त्याने जाहीर केलं की आपल्याला बुकिंगबिकिंग नकोच, आपण वाइल्ड कॅम्पिंग करायचं. जिथे मन रमेल तिथे गाडी लावायची आणि झोपायचं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तसं लिहून, वर डोंगर आणि तंबूची चित्रं टाकून मोकळाही झाला. वीस अंगठे आले. मग काय विचारता.

गाडी चालवणार कोण? उल्का. जपानी लायसन्सच्या परीक्षेला देवदत्त चार वेळा बसला, चारही वेळा वळताना आरशात बघितलं नाही म्हणून नापास झाला आणि ‘इथली सिस्टीमच मूर्ख आहे’ असा निकाल देऊन त्याने तो विषय संपवला. उल्का दुसऱ्या खेपेला पास झाली. तेव्हापासून गाडी चालवायची उल्काने आणि कुठे न्यायची ते ठरवायचं देवदत्तने, अशी घरात वाटणी होती.

त्याने ठरवलेली जागा म्हणजे बोसोच्या किनाऱ्यावरचं एक छोटं मच्छीमारांचं बंदर. कडेला भलामोठा बोर्ड होता. रात्री गाडीत मुक्काम करू नये, आपला कचरा आपल्या घरी न्यावा, गावकऱ्यांच्या वतीने विनंती. उल्काने तो मोठ्याने वाचून दाखवला. देवदत्त म्हणाला की कोण बघतंय, आणि विनंतीच आहे ना, नियम थोडाच आहे. खुर्च्या मांडल्या, छत्री उघडली, भांडी धुतल्याचं पाणी गाडीखालून तसंच बंदराच्या काँक्रीटवर सोडून दिलं. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने आपलं स्टूल उचललं आणि तो पन्नास पावलं लांब जाऊन बसला. देवदत्तला वाटलं, माणूस चांगला आहे, जागा करून दिली. उल्काला तोंड कुठे लपवू असं झालं.

आणि मग उठून त्या म्हाताऱ्याकडे गेलं कोण, कमरेत वाकून माफी मागितली कोणी? तीच. पेंडश्यांच्या घरात माफी मागण्याचं खातं नऊ वर्षं तिच्याकडेच होतं. देवदत्तचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्यामुळे त्याला जपानीची कधी गरजच पडली नाही. पहाटे मिक्सर लावला म्हणून खालच्या मजल्यावरची बाई आली, उल्का वाकली. शाळेच्या मीटिंगला हा अर्धा तास उशिरा पोचला, उल्का वाकली. हा लोकलमध्ये फोनवर बोलत बसला आणि कोणी हटकलं, तरी वाकली उल्काच. इतकंच काय, नऊ वर्षांची नुपूर इथेच जन्मलेली, तिला मराठी कळतं सगळं पण उत्तर जपानीत देते, तर आपल्याच पोरीचं बोलणं हा उल्काकडून समजावून घ्यायचा. ‘तुझं जपानी किती छान आहे’ असं कौतुक मात्र करायचा, अगदी भरभरून.

त्या जपानीच्या जोरावर गेल्या वर्षी उल्काला नोकरी लागली होती. शहराच्या कचेरीत, नव्याने आलेल्या परदेशी कुटुंबांना माहिती देण्याची. पुण्यामुंबईहून आलेल्या नवख्या बायकांना समोर बसवून ती शिकवायची काय, तर कचरा वेगळा कसा करायचा. जळणारा कुठला, प्लास्टिक कुठलं, बाटल्या कुठल्या वारी. मराठीत आणि हिंदीत स्वतःच्या अक्षरात तिने तक्ता केला होता आणि तो कचेरीच्या भिंतीवर लागला होता. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि ते जूनमध्ये नवीन व्हायचं होतं. ही नोकरी तिला किती प्यारी होती ते तिलाच ठाऊक. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचं जपानी माफीशिवाय दुसऱ्या कशाच्या तरी कामाला आलं होतं.

तर कचरा. तीन दिवसांचा कचरा बासमती तांदळाच्या पाच किलोच्या चेनवाल्या पिशवीत भरला होता. कांद्याची सालं, चहाचा चोथा, दह्याचे डबे, भज्यांचं तेल टिपलेले कागद, बाटल्या, छोट्या शेगडीचे गॅसचे डबे, सगळा काला. तुकडे केलेला एक खोकाही होता. घरी नेऊन मी वेगळं करीन, असं उल्काने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पिशवीला वास सुटला आणि देवदत्तचं नाक फार नाजूक. सोमवारी पहाटे तो पळायला म्हणून गेला तो पिशवी घेऊन, आणि आला हात हलवत. कुठे टाकलीस विचारलं तर म्हणे स्टेशनवर डबा होता. त्या एवढ्याशा स्टेशनवर साधा माणूस नव्हता, डबा कुठून असणार? उल्काला कळत होतं. पण सकाळी सकाळी तोंडाला तोंड लागायला नको म्हणून तिने कानाडोळा केला आणि गाडी सुरू केली. ते तिचं चुकलंच.

कोन्बिनीसमोर कॉफीचा दुसरा घोट घेणार तोच फोन वाजला. अनोळखी नंबर, म्हाताऱ्या बाईचा आवाज. पेंडसे-सान का, अशा वेळी त्रास देते, माफ करा. मी बंदराजवळच्या गावातली इशिगे, या वर्षी गावाच्या कचऱ्याच्या कोपऱ्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. आपली एक वस्तू आमच्याकडे विसरून राहिलेली दिसते. कचऱ्याची गाडी साडेआठला येते, त्याआधी आपल्याला जमेल का?

विसरून राहिलेली वस्तू! एवढ्या अदबीने कोणी थोबाडीत मारलेली उल्काला आठवत नव्हती. नंबर कुठून मिळाला ते विचारायची गरजच पडली नाही. भारतीय किराणा ज्या खोक्यातून आला होता त्याच्यावरची चिठ्ठी. उल्का पेंडसे, पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर. ऑर्डर तीच करायची, नाव तिचंच असणार.

देवदत्त शेजारी बसून सँडविच खात होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, उचललासच कशाला, ब्लॉक कर, आपण कुठे परत येणार आहोत इथे. पत्ता आहे त्यांच्याकडे म्हटल्यावर मात्र सँडविच खाली ठेवलं. कायमच्या वास्तव्याचा त्याचा अर्ज महिन्याभरापूर्वीच आत गेला होता, आणि बेकायदा कचरा टाकणं हा इथे गुन्हा आहे एवढं त्यालाही माहीत होतं.

"हे बघ, तू सांग की तू टाकलीस," तो म्हणाला. "चिठ्ठी तुझ्याच नावाची आहे, पटेल त्यांना. बाईमाणसाने सॉरी म्हटलं की विषय संपतो. माझं पीआर अडकलं तर सगळंच अडकेल. तुझं काय, तुझं तर कॉन्ट्रॅक्टच आहे."

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मागे नुपूर बसली होती. उल्काने उरलेली कॉफी संपवली, कागदी कप दुकानाच्या डब्यात टाकला आणि गाडी मागे वळवली. अर्धा तास देवदत्त तिला काय काय सांगायचं ते समजावत होता. पहिल्यांदा वाक, मग पोर आजारी होती म्हण, गडबडीत राहून गेली म्हण. तुझं काय, तुझं तर कॉन्ट्रॅक्टच आहे. ते एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

गावाच्या वळणावर कावळ्यांपासून रक्षणासाठी हिरवी जाळी घातलेले कचऱ्याचे ढीग होते. बाजूला जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर पेंडश्यांचा तीन दिवसांचा संसार मांडलेला. दह्याचे डबे धुऊन पालथे घातलेले. बाटल्यांची बुचं वेगळी, कागद वेगळे. बासमतीची पिशवीसुद्धा आतून धुऊन वाळत घातलेली. शेजारी फुलाफुलांचे बाह्यांवरचे मोजे घातलेली, पंचाहत्तरीची, बुटकी इशिगे-सान उभी होती. इतक्या लांबून परत यावं लागलं, कष्ट झाले, असं म्हणून आधी तीच वाकली.

उल्काला भडभडून आलं, पण ते रडू नव्हतं, राग होता. कोणाची तरी आजी सकाळी सकाळी गार पाण्यात आमचे खरकटे डबे घासत बसली, आणि हा बाबा सांगतोय पोर आजारी होती म्हण! तोवर देवदत्त मागून कानाशी आलाच. बघ, म्हणाला, किती चांगली बाई आहे, झालंसुद्धा काम, चल आता, सॉरी म्हण पटकन.

इशिगे-सानने फक्त गॅसचे डबे त्यात मांडले नव्हते. ते तीन डबे तिने एका घमेल्यात बाजूला ठेवले होते. जळणाऱ्या कचऱ्यात असा डबा गेला की गाडीच्या पोटात पेट घेतो, असं तिने शांतपणे सांगितलं. गाडीवर तिचा नातू काम करत होता. एवढं सांगून तिने एप्रनच्या खिशातून एक वही काढली, पेन काढलं. गावाच्या वहीत तारीख आणि टाकणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, म्हणाली. तर ही कोणी ठेवली होती?

‘मी’ हा शब्द उल्काच्या ओठांवर आलाही होता. कंबर निम्मी वाकलेली होती. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय. तेवढ्यात तिला गाडीच्या दारात उभी असलेली नुपूर दिसली. पहाटे बाबा पिशवी घेऊन गेला ते त्या पोरीने बघितलं होतं. वाटेत बाबाने काय पढवलं ते ऐकलं होतं. आणि आता आई जे जपानीत बोलेल त्यातला शब्दन्‌शब्द तिला कळणार होता. बाबाला कळला नसता, पण तिला कळला असता.

उल्का सरळ झाली. ही पिशवी माझ्या नवऱ्याने ठेवली, तिने इशिगे-सानला सांगितलं. मी नको म्हटलं होतं, पण मला संशय आला तरी मी खोदून विचारलं नाही, ती माझी चूक. आपण डबे धुतलेत याची मला फार लाज वाटते. बाकीचं ते स्वतः सांगतील.

इशिगे-सानची मान हळूच वळली आणि तिने देवदत्तकडे बघितलं. भाषा न येणाऱ्यालाही तेवढं कळतं.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते. आता तू बोल."

"मला कुठे येतं?"

"नऊ वर्षं झाली, देवदत्त."

तो लाल झाला, पुण्यात असता तर आवाज चढवला असता. पण समोरची बाई वाट बघत उभी होती, आणि घाईही करत नव्हती. मग नुपूर दारातून उतरली. बाबाची बाही धरून तिने एक एक शब्द सांगायला सुरुवात केली. मी टाकली. मला माहीत होतं. पुन्हा टाकणार नाही. देवदत्त तिच्या मागून म्हणत गेला, अडखळत, चुकत, आणि शेवटी तोही वाकला.

इशिगे-सानने वही पुढे केली. देवदत्तने पेन घेतलं आणि ते जसंच्या तसं उल्कापुढे धरलं. जपानीत त्याचं नाव आजवर तिनेच तर लिहिलं होतं, प्रत्येक फॉर्मवर. उल्काने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. शेवटी नुपूरने आपल्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून दाखवली आणि त्याने ती बघून बघून वहीत उतरवली, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात.

निघताना इशिगे-सानने उल्काला बाजूला घेतलं. खोक्यावरची चिठ्ठी तिने सोलून, घडी करून ठेवली होती, ती हातात दिली. आणि म्हणाली, काळजी करू नका, ही वही कुठे जात नाही. पुढच्या वर्षी ज्याच्याकडे व्यवस्था येईल त्याला देते, बस.

गॅसचे डबे, बाटल्या आणि धुतलेली पिशवी मांडीवर घेऊन देवदत्त पुढच्या सीटवर बसला. गाव मागे पडलं आणि त्याला राहवेना.

"शेवटी काय म्हणाली ती? वही पोलिसांकडे जाते का? उल्का, मी तुला विचारतोय."

मागे नुपूर खिडकीबाहेर बघत राहिली. इशिगे-सानचं बोलणं तिलाही ऐकू आलं होतं. उल्काने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी उरायासुच्या रस्त्याला लावली.

"जपानी शीक," ती म्हणाली.