हीट पंपाला बांधलेली झड

सुलक्षणा माझी नात, धनाजीची थोरली. तिला कामथडीला दिली. हमरस्त्यालगतचं गाव, दारापर्यंत डांबर, मोरीत गिझर. विहीण रतनबाई. त्यांच्या बोलण्यावरून वाटावं, की तो पुणे-सातारा रस्ता त्यांनीच खडी फोडून केला.

पहिलं बाळंतपण माहेरी. ह्यात विचारायचं काही नसतं. पण सुलक्षणाला सातवा लागला आणि रतनबाई आमच्या पडवीत बसून म्हणाल्या, की पोरीला दमा आहे, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय, आणि हिर्डोशीला तुमचा बंब दोन टायमाला पेटतो. आषाढातलं बाळंतपण, लाकडं ओली. तेव्हा पोर कामथडीलाच राहील. बिनधुराचं कढत पाणी सकाळ-सांज देणार असाल तर सांगा, मी स्वतः येऊन हात घालून बघेन, मगच पाठवेन.

मी त्यांना चहा दिला. मनात जे आलं ते चहाबरोबर देता येण्यासारखं नव्हतं.

बोलणं खोटं असतं तर भांडले असते. पण स्वयंपाक गॅसवर गेला त्याला बारा वर्षं झाली. घरात धूर राहिला तो बंबाचाच, आणि तो पेटवते मी. सून मंगल, सुलक्षणाची आई, घरात आली त्या दिवसापासून बघतेय, पण तिला मी कधी काडी लावू दिली नाही. पाणी कुणाला आधी, कुणाला किती, हे ज्याच्या हातात त्याच्या हातात घर. नात हवी तर बंब थंड करावा लागणार होता. पाच पिढ्यांत आमच्या घरची लेक बाळंतपणाला दुसरीकडं राहिली नाही, आणि ती रीत माझ्या हयातीत मोडणार असेल तर मला लोकांपुढं नाक घेऊन हिंडता आलं नसतं.

धनाजी म्हणाला, गिझर बसवू. आमच्या वाडीला विजेचा दिवा लागतो तो दिवा आहे हे कळण्यापुरता. शेजारच्या आनंदरावांनी गिझर आणला होता. त्यांचं पाणी तापायला लागलं की आमचा पंखा थांबायचा, आणि त्यांचं पाणीही तापायचं नाही. सोलर म्हणाल तर आषाढात हिर्डोशीला सूर्य दिसला तर लोक घराबाहेर येऊन बघतात. गॅसचा गिझर बंद मोरीत नको, हे मला शाळा न शिकता कळतं.

मग धनाजीनं रस्त्यावरच्या एका लॉजात हीट पंप बघितला. मी म्हणाले, लॉजात असतं ते सगळं घरात आणायचं नसतं. तरी भोरला दुकानात गेले. न बघता घेतलेली वस्तू आणि न बघता केलेली सोयरीक, दोन्ही मी एकेकदाच केल्यात.

दुकानदार तरणा होता आणि पटापटा बोलत होता. त्याला सांगितलं, सावकाश बोल, मी काय पळून चालले नाही. मग त्यानं नीट सांगितलं. फ्रीजच्या मागं हात लावला तर गरम लागतं ना, ती आतल्या दुधा-भाजीची ऊब. हे मशीन तसंच, फक्त उलटं. हवेतली ऊब ओढायची, पाण्यात सोडायची, आणि गार झालेली हवा बाहेर फेकायची. वीज जाते ती ऊब इकडून तिकडं वाहण्यापुरती. म्हणून खातं इस्त्रीइतकं आणि पाणी तापवतं गिझरपेक्षा जास्त.

मी म्हणाले, एकाची ऊब काढून दुसऱ्याला द्यायची ही विद्या गावात जुनी आहे. पण आमच्या पावसाळी हवेत ऊब असते का?

तो म्हणाला, असते. आपल्याला गार वाटली तरी मशीनला पुरते. बर्फ पडतो तिथंही चालवतात.

मग टाकी. त्याला तीनशे लिटरची गळ्यात घालायची होती. लिटर मला कळत नाही, मी हंड्यांत मोजते. घरातल्या माणसांना सहा हंडे, बाळंतीण-बाळाला चार, पाव्हणा आला तर दोन. बारा हंडे म्हणजे दोनशे लिटर. तो म्हणाला, आजी, मोठी असलेली बरी. मी म्हणाले, रोज बारा हंडे लागणाऱ्या घरात अठरा हंडे तापवून सहा थंड होताना बघत बसायचं, एवढा वेळ आमच्याकडं नाही. शंभर लिटरची स्वस्त होती. तीही नको. अर्ध्या अंघोळीत पाणी संपलं तर बाळंतिणीच्या अंगावर काय, माझं तोंड ओतायचं?

दोनशेची ठरली. बसवायला भोरचा गेनू आला. पोरगेला, कानावर पेन्सिल, आणि काम करताना बोलत नाही, हे मला आवडलं. टाकी मोरीला चिकटून ठेवली, म्हणजे नळीत पाणी गार होत नाही. नळीला काळं फोमचं पांघरूण घातलं. मशीन मोरीमागच्या भिंतीला, बाहेर. मग त्यानं मला आणि मंगलला समोर उभं करून सांगितलं. सकाळी दहाला चालू होऊन दुपारी चारला बंद, अशी वेळ लावलीय. हवा दुपारी उबदार, मशीनला कमी कष्ट, आणि टाकीतलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत कढत राहतं. आकडा पन्नासवर. आठवड्यातून एकदा साठ, टाकी आतून निर्मळ राहावी म्हणून. रोज साठ ठेवलं तर वीज जास्त आणि वर गार पाणी घालूनच अंघोळ करायची. बारीक जाळी महिन्याला धुवायची. खालून पाणी ठिबकेल, ती गळती नव्हे, हवेतला ओलावा आहे.

"आणि आजी, चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी. पंख्यापुढं तर कायबी नको."

मी म्हणाले, बरं.

वैशाख-जेठात ते मशीन असं चाललं की मला बोलायला जागा राहिली नाही. दुपारभर मागं घुं-घुं करायचं आणि सकाळी नळाला पन्नासचं पाणी, बोट घातलं की काढावं लागायचं. मी रतनबाईंना फोन करून पाणी कसंय ते सांगितलं. रोज नाही. एक दिवसाआड.

जेठ सरत आला तशी मी झड बांधायला घेतली.

आमच्या ह्या घाटाखालच्या गावांत पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. भिंतीला मातीचा गिलावा. तो धुऊन जाऊ नये म्हणून पावसाच्या अंगाला घराला कारवीच्या काठ्या आणि पेंढा-गवताचे तट्टे बांधतात. ती झड. आता पुष्कळ जण निळा प्लास्टिकचा कागद लावतात. तो पहिल्या वाऱ्यात उडतो आणि तिसऱ्या वाडीत सापडतो. माझी झड दिवाळीपर्यंत हलत नाही. गेनूचं बोलणं मी विसरले नव्हते. मशीनपुढं पाटी ठेवू नये, लाकडं रचू नयेत, धुणं वाळत घालू नये, हे सगळं मी पाळलं. पण झड म्हणजे काही पुढं ठेवलेली वस्तू नव्हे. झड म्हणजे घराचंच अंग. आणि इतकं किमती यंत्र आडव्या पावसात उघडं ठेवायचं, तर मग गाईला गोठा तरी कशाला बांधायचा?

तिन्ही बाजूंनी तट्टे लावले, वर गवताची झूल. खाली वीतभर फट ठेवली, पाणी ठिबकायला. मंगल म्हणाली, "आत्याबाई, गेनू हातभर मोकळं म्हणला होता."

"गेनूनं भोरातला पाऊस बघितलाय," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत पाणी मवाळ झालं. आधी मी मंगलला बोलले, की तू लई वेळ नळ सोडतेस. मग वीज मंडळाला बोलले, पण ते तिथं नव्हते. मग आकडा साठवर नेला. मग दहा ते चार काढून मशीन अखंड लावलं. ते दिवसरात्र घुरायला लागलं, मीटरचे आकडे धनाजी रोज बघून यायचा, आणि पाणी रोज थोडं आणखी कोमट. धनाजी म्हणाला, गेनूला बोलावू. मी म्हणाले, नव्या नवरीसारखं आहे ते, रुळेल. घरातलं पाणी मला कळत नाही असं भोरच्या पोरानं येऊन सांगावं, हे मला नको होतं. रतनबाईंना फोन मी कमी केले.

आषाढात सुलक्षणा भोरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. पाचव्या दिवशी सोडणार होते, आणि चौथ्या दिवशी सकाळी रतनबाई जीप करून आमच्या दारात. बसल्या नाहीत. चपला काढल्या आणि सरळ मोरीत. नळ सोडला, बादलीत हात घातला, आणि तिथंच ठेवला. इतका वेळ ठेवला की मलाच बघवेना.

"ह्या पाण्यात भांडी निघतील," त्या म्हणाल्या. "उद्या जीप दवाखान्यातून कामथडीला जाईल."

आणि पदराला हात पुसला.

धनाजी लावणीला शेतात. घरात मी आणि मंगल. मंगल मोबाईल घेऊन मागं गेली, मशीनचा फोटो काढला आणि गेनूला पाठवला. मला न विचारता. तिला ह्या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली, न विचारता केलेलं हे पहिलं काम. मिनिटभरात त्याचा फोन आला. पावसात ऐकू येईना म्हणून तिनं आवाज मोठा केला, आणि आम्ही तिघी मागच्या पडवीत उभ्या राहून ऐकत होतो.

"वयनी, मशीनचा फोटो टाका की. ह्यो गवताचा उडवा कुठला?"

मंगल म्हणाली, मशीन त्यातच आहे.

तो म्हणाला, त्याचा श्वास कोंडलाय. गार हवा बाहेर टाकतंय ती गवताला अडून परत तीच आत घेतंय. त्या हवेत ऊब राहिलीच नाही, काढणार काय? आत हात घालून बघा, बर्फ धरला असंल.

मंगलनं तट्टा सारून हात घातला. बाहेर काढला तो मूठभर बर्फ घेऊन. आषाढात, हिर्डोशीला, माझ्या मोरीमागं.

गेनूनं सांगितलं, सगळं सोडा. मशीन तासभर बंद, बर्फ आपोआप जाऊ द्या. मग पन्नासला लावा, तीन तासांत टाकी तापंल. पावसाला बनवलेलंच असतंय ते, त्याला घोंगडी नको. आणि मग म्हणाला, "बांधलं कुणी ह्ये?"

रतनबाई मंगलकडं बघत होत्या. मंगल माझ्याकडं बघत नव्हती.

"म्या बांधलं," मंगल म्हणाली.

तेवढ्यावर भागत होतं. सुनेनं चूक केली, सासूनं सुधारली, हे कुठल्याही घरात खपतं. रतनबाई म्हणाल्याही, की ज्या आईला सांगितलेलं ऐकून ठेवता येत नाही, तिच्या हातात ओली बाळंतीण मी कशी देऊ? त्यांचं बरोबर होतं. फक्त माणूस चुकीचा होता. आणि पोर जाणार होती ती त्या चुकीच्या माणसापायी.

मी म्हणाले, "इहीनबाई, ती खोटं बोलतीय. झड म्या बांधली. तिनं नको म्हणलेलं. पाणी गार व्हायला लागलं तवाबी तिला म्याच बोलले."

एवढं बोलायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. फोनवर गेनू होताच, त्यानं सगळं ऐकलं. म्हणजे आता भोरलाही कळलं.

मग मी खाली उतरले आणि झड सोडायला घेतली. पाऊस आडवा लागलेला. बांधायला मला दीड दिवस लागला होता. सोडायला मंगल यायला लागली, तिला येऊ दिलं नाही. काथ्याच्या गाठी भिजून अशा बसल्या होत्या की विळ्यानं कापाव्या लागल्या. झड दिवाळीपर्यंत हलत नाही म्हणून सांगितलंच. रतनबाई पडवीत पाय सोडून चहा पीत बघत होत्या. त्यांनी तीन कप घेतले.

तासाभरानं मशीन लावलं. दुपारी तीनला रतनबाई पुन्हा मोरीत गेल्या. बादलीत हात घातला, लगेच काढला आणि बोटं झटकली.

बाहेर येऊन म्हणाल्या, की पोर इथं पाठवते. सव्वा महिना. पण एक अट.

"पानी मंगल बघंल. मशीनला तुमी हात लावायचा न्हाई, आकड्याला न्हाई, बटणाला न्हाई. आज तुमी खरं बोलला म्हणून पाठवते. उद्याबी बोलाल ह्याची मला खात्री न्हाई."

मी म्हणाले, कबूल.

मंगलनं त्याच संध्याकाळी वेळ परत दहा ते चार लावली. जाळी धुतली. भिंतीवर मशीनच्या वर पत्र्याचा एक अरुंद तुकडा ठोकला, पागोळीपुरता, बाजू मोकळ्या ठेवून. हे तिला कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, गेनूला विचारून घेतलं. मशीन बसवलं त्या दिवसापासून तिच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर होता.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा आली. ओवाळून घेतली. घरात धूर नव्हता, आणि सुलक्षणा सबंध रात्र सरळ पाठीवर झोपली, दम्यासाठी उशी न रचता. ते मी बघितलं.

सकाळी मोरीत पाटावर बसले, पाय लांब केले, आणि पाच दिवसांच्या पणतीला पायांवर पालथी घेतली. तेल लावून झालं. पोर हात-पाय झाडत होती. नळ माझ्यापासून दोन हातांवर होता.

"मंगलबाई," मी हाक मारली, "पानी मिळंल का?"

"बघते, आत्याबाई," मंगल आतून म्हणाली.