पिवळा काढलेला फोटो

बालाजीचा फोटो स्टुडिओ वसमतच्या मोंढ्याकडं, म्हणजे हळदीच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि हळदीच्या हंगामात तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक थोडंफार पिवळं असतं. हमालांचे कान पिवळे, शेतकऱ्यांच्या टोप्या पिवळ्या, व्यापाऱ्यांची फक्त नखं पिवळी. हळदीत ज्याचा हात जेवढा बुडतो तेवढीच ती त्याला लागते. फोटोत मात्र सगळ्यांनाच गोरं दिसायचं असतं. म्हणून बालाजीनं कॉम्प्युटरमध्ये एक सेटिंग करून ठेवली होती. फोटोतल्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर माउसनं टिचकी मारायची, की खरा पांढरा कोणता ते कॉम्प्युटरला कळतं. मग पिवळा खाली ओढायचा, निळा जरासा वर, आणि माणूस आताच अंघोळ करून आल्यासारखा निघतो. या सेटिंगचं नाव त्यानं ‘वसमत’ ठेवलं होतं. हा विनोद तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, जुन्यालाही सांगायचा.

सटवाजी सुनेला घेऊन आला तेव्हा त्यानं तो ऐकून घेतला, हसला नाही. सटवाजीकडं हळद शिजवायचा कुकर होता आणि वाळलेली हळद घासायचा ढोल होता. हंगामात दोन्ही थांबत नसत. मजुराला रोज द्यावा लागतो, चहा द्यावा लागतो, वर त्याची बोलणी खावी लागतात. घरच्या माणसाचं तसं नसतं. थोरला पोरगा आयुष याचं लग्न त्यानं बुद्ध विहारात साधेपणानं लावलं. मुहूर्ताची भानगड नव्हती, तरी तारीख बरोबर हंगामाच्या तोंडावर आली. लग्नानंतर आयुष पुण्याला कंपनीत परत गेला आणि नवी सून राणी ढोलावर गेली.

राणीची आई पद्माबाई तिकडं सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पलीकडं राहायची. नवरा नव्हता, पोरगी एकच. ती सटवाजीच्या मोबाईलवर फोन लावून लेकीला बघायची. एकदा बघितलं तर पोरगी पिवळी दिसली. सटवाजी म्हणाला, बल्ब पिवळा आहे. तिनं दुसऱ्या खेपेला भर दुपारी फोन लावला, तरी पिवळीच. सटवाजी म्हणाला, ईनबाई, हळदीच्या ढोलावर काय दुधासारखी दिसंल व्हय? तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, डोळे पण पिवळे दिसून राहिलेत. त्यावर सटवाजीनं दोष मोबाईलवर टाकला. मग पद्माबाईनं सरळ सांगितलं की स्टुडिओत नेऊन एक चांगला फोटो काढा आणि पाठवा, न्हाई तर मी मुळाला येते. मुळाला येणं म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणं, आणि पहिल्या वर्षी आई दारात उभी राहिली तर नाही म्हणता येत नाही. ऐन हंगामात दोन हात जाणार. सटवाजीनं मोटारसायकल काढली ती यासाठी.

राणीनं लग्नातली पांढरी साडी नेसली होती. स्टुलावर बसताना तिनं भिंतीचा आधार घेतला. बालाजी तिला म्हणाला, ताई, जरा हसा, आईला पाठवायचाय म्हणं. ती हसली, पण तो कॅमेऱ्याकडं वळेपर्यंत ते हसू टिकलं नाही.

फोटो कॉम्प्युटरवर आला. बालाजीनं पडद्यावर टिचकी मारली. पडदा पांढरा झाला, साडीही पांढरी झाली. चेहरा होता तसाच राहिला. त्यानं ‘वसमत’ लावून बघितलं, तर साडी निळसर पडली आणि चेहरा पिवळा तो पिवळाच. अंगाची हळद त्याला रोजची होती, पण हळद कुणी डोळ्यांत घालत नाही, एवढं कळायला स्टुडिओ टाकावा लागत नाही.

“काका,” तो हळूच म्हणाला, “एकदा डॉक्टरला दाखवा पोरीला.”

“दाखवतो की. हंगाम उरकू दे.” सटवाजी स्क्रीनकडंच बघत होता. “तू तुझं काम कर. तिकडं तिची माय उगं रडून राहिली.”

सटवाजी हे जुनं गिऱ्हाईक होतं. भावकीतली लग्नं, बारशी, विहाराचे बॅनर, सगळं त्याच्या शब्दावर याच दुकानात यायचं. बालाजीच्या मनात हा हिशोब झाला असं तो कबूल करणार नाही; पण हात चालू झाले हे खरं. त्यानं चेहरा वेगळा निवडला आणि पिवळा उतरवला. गालांवर थोडा गुलाबी टाकला. मग चित्र मोठं करून एकेका डोळ्यातला पांढरा भाग निवडला आणि त्यातला रंग पार काढून टाकला. डोळे सोललेल्या उकडल्या अंड्यासारखे झाले, तेव्हा थोडी छटा परत दिली. काम चांगलं झालं होतं. त्याला स्वतःलाच बघत बसावंसं वाटलं.

राणी मागं येऊन उभी राहिली होती.

“पहिलाच पाठवा की,” ती म्हणाली.

बालाजी हसला. या खुर्चीत बसल्यापासून पिवळा फोटो मागणारं पहिलंच माणूस भेटलं, असं तो म्हणाला. सटवाजीही या वेळी हसला. फोटो त्याच्या मोबाईलवर गेला आणि तिथनं गोरेगावकडं.

पद्माबाईनं तो शेजारणींना दाखवला. लेक सासरी चांगली भरली असं सगळ्या म्हणाल्या, आणि तिनंही सटवाजीला फोनवर ‘बरी हाय’ म्हणून सांगितलं. जीपनं हिंगोली, तिथनं एसटीनं वसमत, म्हणजे जायचा-यायचा रोज बुडणार; अन् न बोलावता गेलं तर इवाई सटवाजी तोंड वाकडं करणार. तिनं मुळाला जाणं अक्षय तृतीयेवर ढकललं.

अक्षय तृतीयेच्या आधीच राणी ढोलापाशी पडली. आधी कुणीतरी कावीळ उतरवायची माळ डोक्यावर घातली, ती गळ्यात उतरायची वाट बघण्यात दिवस गेले, मग नांदेडचा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? सटवाजीनं मोबाईल काढून तो फोटो दाखवला. अशी होती साहेब, एकदम चांगली, तो म्हणाला. आणि गंमत अशी की, तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

राणीच्या मरणानंतरच्या जलदान विधीला तोच फोटो मोठा करून लावला. आलेल्यांनी पोरीच्या चेहऱ्यावरचं तेज वाखाणलं. तिच्या आईनंच फोटो बघून बरी हाय म्हणलं होतं, हे सटवाजीनं ज्याला त्याला सांगितलं. पद्माबाई खाली मान घालून बसली होती. तिनं ते खोटं पाडलं नाही, कारण ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. कोण ते सांगावं लागलं नाही; नाकडोळे तेच होते. ती स्टुलावर बसली आणि बालाजीला म्हणाली, “दादा, तुमी तिला समोर पाह्यलं. मी फोटोतच पाह्यलं. खरं सांगा, कशी होती?”

बालाजी म्हणाला, “थकल्यावाणी होती मावशी.”

“डोळे?”

तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. पहिला फोटो त्यानं मरणाची बातमी आली त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरमधून काढून टाकला होता, त्यामुळं तोंडानं काहीही सांगायला तो मोकळा होता.

“लक्ष न्हाई गेलं,” तो म्हणाला.

“काही बोलली का?”

“न्हाई. गपच होती.”

“माझी पोरगी गप बसणारी न्हाई, दादा,” पद्माबाई म्हणाली.

तेवढ्यात दारात एक बाई शाळेतल्या पोरीला घेऊन आली. पासपोर्ट फोटो हवा होता, आणि घाई होती. बालाजीनं दिवे लावले. पांढऱ्या पडद्यासमोर पद्माबाई अजून बसलेलीच होती.

“मावशी,” तो म्हणाला, “जरा उठता का?”