दोनदा थापटलं की सोडायचं

वर्गात येऊन तीन आठवडे झाले, तरी बारक्या सिस्टरला एकाही माणसाने खऱ्या अर्थाने हरवलं नव्हतं, कारण ती त्याआधीच हार मानून मोकळी व्हायची. समोरच्याचा गुडघा नुसता पोटाला टेकला, की हिचा हात मॅटवर दोनदा पडलाच. कॉलरकडे हात आला, दोनदा. एकदा तर सोबत शिकणारी नणंद तिच्या अंगावरून पलीकडची पाण्याची बाटली घ्यायला वाकली, तेव्हाही हिने थापटलं. सगळी खोली हसली. नणंदही हसली, पण बाटली न घेताच मागे झाली. कायदा म्हणजे कायदा.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या त्या वर्गात कायदे फार नव्हते. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. एकमेकांना जमिनीवर लोळवायचं, दाबून धरायचं, हात पिरगाळायचा नाहीतर मान आवळायची. आणि ज्याला सहन होईना त्याने मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. थापटलं की त्याच क्षणी सोडायचं. 'थांब जरा', 'अजून थोडं' असली सबब चालायची नाही. शिकवणारे मास्तर दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करत आणि संध्याकाळी एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग घेत. एरवी माणूस गाईसारखा गरीब. पण थापटल्यावर कुणी अर्धा श्वास जास्त धरून ठेवलं, तर त्याला महिनाभर मॅट पुसायला लावायचे.

सिस्टरला इथे ओढून आणलं ते नणंदेने. ती बेकरीत काम करायची, मैद्याची पोती एकटी उचलायची. नणंद मानगुटीवर बसते असं बायका म्हणतात. ही आठवड्यातून तीन संध्याकाळी, रीतसर पट्टा बांधून बसायची. आणि तरी त्या घरात वहिनीवर तिच्याइतकी माया कुणाची नव्हती.

झालं होतं ते असं. चार महिन्यांपूर्वी वॉर्डात, ऑपरेशननंतर भूल उतरत असलेल्या एका दांडग्या पेशंटने सिस्टरची कॉलर धरून तिला भिंतीशी दाबलं होतं. त्याला शुद्ध नव्हती, त्यामुळे बिचारीला राग धरायलाही कुणी उरलं नाही. "सोडा" असं ती सात वेळा म्हणाली. सातही वेळा काही झालं नाही. शेवटी तिघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून उघडली. मानेवरचे वळ आठवड्यात गेले. पण ज्या वॉर्डात बारा वर्षं तिने काम केलं, त्याच्या दारात आता तिचे हातपाय गार पडायला लागले. मेट्रनने तिला तळघरात फायलींच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत वाट बघते. यायचं असेल तर ये. नाहीतर तुझ्या जागी मला दुसरी सिस्टर कायमची घ्यावी लागेल." सिस्टरचा सगळा जीव त्या वॉर्डात होता. फायली काही बऱ्या होऊन, हसत हसत घरी जात नाहीत.

एका संध्याकाळी मास्तरांनी तिला बाजूला बसवून घेतलं.

"सिस्टर, तुम्ही घाबरून थापटत नाही."

"मग?"

"समोरचा सोडतो का, ते बघता."

सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पहिल्या दिवशी थापटल्याबरोबर नणंदेचं ते एवढं मोठं धूड अंगावरून बाजूला झालं होतं, तेव्हाच तिला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. सांगितलं आणि ऐकलं गेलं! मग रोज खात्री करून घ्यावीशी वाटायची. तिची ही चोरी तिच्या नवऱ्यालाही कळली नव्हती आणि या नळवाल्याने ती पकडली होती.

"खुशाल बघा," मास्तर म्हणाले. "शंभरदा बघा. फक्त एक ध्यानात ठेवा, हा कायदा या मॅटपुरता. बाहेर कुणी अंगावर आलं आणि तुम्ही त्याला धरलंत, तर त्याने थापटलं म्हणून सोडायचं नाही. सुटून पळायचं, नाहीतर मदत येईपर्यंत धरून ठेवायचं."

सिस्टरने मान डोलावली. त्या दिवसापासून ती थोडं थोडं उशिरा थापटू लागली. हनुवटी छातीशी, कोपरं अंगाशी, कंबर एका अंगावर वळवून मागे सरकवायची, मग गुडघा मध्ये घालायचा. नणंदेखालून अशी शंभरदा सरकली असेल. शंभरपैकी तीनदा सुटली. तिसऱ्या वेळी नणंदेने खोलीभर नाचून घेतलं, जणू तीच जिंकली होती.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सिस्टर आपणहून मेट्रनकडे गेली. "आजची दुपार वॉर्डात देता?" मेट्रनने चष्म्यावरून बघितलं आणि हो म्हटलं.

अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे ट्रकड्रायव्हर होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यात ताप, त्यामुळे डोकं ठिकाणावर नाही. सकाळपासून त्यांनी दोनदा सलाईन उपटलं होतं आणि तीन वॉर्डबॉयच्या नाकीनऊ आणले होते. कुणी खांदे दाबले, कुणी हात धरले. शेवटी डावं मनगट पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलं. दुपारी तिसऱ्यांदा सलाईन लावायची पाळी सिस्टरवर आली. मेट्रन दारात उभी होती.

सिस्टर वाकली आणि म्हाताऱ्यांच्या मोकळ्या हाताने तिची कॉलर पकडली. हिसका असा, की ती खाटेवर आडवी झाली. पुढच्या क्षणी तो जाडजूड हात तिच्या मानेभोवती होता.

भिंत आठवली. पाचावर धारण बसली. पण हनुवटी आधीच छातीशी गेली होती. कोपरं अंगाशी आली, कंबर वळली, गुडघा खाटेच्या कडेवर टेकला आणि डोकं हाताखालून सुटलं. तिला स्वतःलाच कळायच्या आत तिने तो हात दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला होता आणि त्यांच्या खांद्यावर आपला भार टाकला होता, खुब्याला धक्का न लावता. म्हाताऱ्यांना आता हलता येत नव्हतं.

बाहेरून पावलं धावत आली. मेट्रन ओरडली, "धरून ठेव!"

तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या बांधलेल्या डाव्या हाताचा पंजा गादीवर आपटला. एकदा. पुन्हा एकदा.

आणि सिस्टरचे हात उघडले.

ती वेंधळ्यासारखी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मास्तरांनी घसा कोरडा करून सांगितलं होतं, बाहेर सोडायचं नाही! एवढ्या कष्टाने सुटली आणि सवयीपायी सगळ्यावर पाणी फिरवून बसली. आता तो हात पुन्हा गळ्याशी येणार, मेट्रन बघणार, आणि उद्यापासून जन्मभर तळघर. तिने डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

तिने डोळे उघडले तर म्हातारे आपल्या सुटलेल्या हाताकडे बघत होते.

"सोडलंस?" ते म्हणाले.

"हो," सिस्टर म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ना."

"सकाळपासून सांगतोय," म्हातारे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रडक्या मुलासारखा झाला. "कुणी ऐकतच नाही."

सिस्टरला आपलं 'सोडा' आठवलं. सात वेळा. तिला वाटलं होतं, हे दुःख सगळ्या इस्पितळात आपल्या एकटीचं आहे.

धावत आलेल्या वॉर्डबॉयना तिने हाताने थांबवलं. "आजोबा," ती म्हणाली, "मी सुई लावणार आहे. दुखेल. नको वाटलं तर गादीवर दोनदा थापटा, मी लगेच थांबेन."

म्हाताऱ्यांनी विचार केला. मग हात पुढे केला. सुई टोचण्याआधीच त्यांनी थापटलं. ती थांबली. पुन्हा टेकवली, पुन्हा थापटलं, पुन्हा ती थांबली. वॉर्डबॉय एकमेकांची तोंडं बघू लागले. सिस्टरला मात्र आता हसू आवरेना. हा खेळ तिच्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पाचव्या वेळी त्यांनी थापटलं नाही.

सलाईन सुरू झालं. मेट्रन आत आली. "मी धरून ठेव म्हटलं होतं."

"चुकलंच माझं," सिस्टर म्हणाली. "हात आपोआप सुटले."

"जीवावर बेतलं असतं."

"हो."

 मेट्रनने म्हाताऱ्यांच्या डाव्या मनगटाची पट्टी स्वतः सोडली आणि आपल्या टेबलाकडे निघून गेली.

संध्याकाळी मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि अपेक्षेप्रमाणे झाडलं. "नशीब थोर म्हणून वाचलात. पुन्हा असं करायचं नाही." मग पाठ वळवून ते बराच वेळ नाक शिंकरत राहिले. नणंद म्हणाली, "वहिनी, चल, झोप खाली." त्या दिवशी सिस्टर तिच्याखाली पाच मिनिटं झगडली. सुटली नाही, मान पुरती आवळली गेली, तेव्हाच तिने थापटलं. सबंध संध्याकाळभरात तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात शिरली तेव्हा हातपाय थोडे गार होतेच. अकरा नंबरशी मेट्रन स्वतः जखमेची पट्टी बदलत होती. म्हाताऱ्यांनी गादीवर दोनदा थापटलं. मेट्रनचे हात जागच्या जागी थांबले.

खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर मेट्रनच्याच टोकदार अक्षरात एक नवी ओळ होती: 'पेशंटने दोनदा थापटल्यास सर्वांनी थांबावे.' मेट्रनने वर बघितलं.

"उभी काय राहिलीस? बारा नंबरचा ताप कोण बघणार?"