दहा फुटी अर्ज

हेमालीने आयकॉनवर दोनदा क्लिक केलं. पडद्यावर निळी चौकट उमटली, आणि चौकटीत

फॉन्ट लोड होत आहेत

एवढंच. बाण फिरत राहिला.

बारा वाजून दहा मिनिटं. तीन वाजता कल्याणच्या प्रदूषण कार्यालयात तक्रारींची सुनावणी; त्याआधी अर्ज आवकेत पडायला हवा.

तिने प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद केला. पुन्हा दोनदा क्लिक.

फॉन्ट लोड होत आहेत

"हँग झालाय," मागून विनीतशेठ म्हणाले. डोंबिवली पूर्वेतलं हे फ्लेक्सचं दुकान त्यांचं, हेमाली त्यांची सहा वर्षांपासूनची डिझायनर. "माजिवड्याचा कॉम्प्युटरवाला माणूस संध्याकाळी येतोय, तो बघेल. तोवर हात लावू नकोस."

"संध्याकाळी फ्लेक्स घेऊन काय करू? खिडकीला पडदा लावू?"

फोन वाजला. शेजारच्या हौसामावशी. "झालं का गं?"

"होतंय."

होत नव्हतं.

हेमालीच्या सोसायटीमागच्या कारखान्याच्या वासाविरुद्ध रहिवाशांनी तीन अर्ज दिले होते. तिन्ही वेळा कार्यालयात उत्तर एकच: असा अर्ज आमच्याकडे आलेला नाही. चौथ्या वेळी मीटिंगमध्ये हेमाली उभी राहिली. कागद हरवतो ना, मग फ्लेक्सवर देऊ. दहा फूट बाय चार. वर मजकूर, खाली सत्तेचाळीस घरांची नावं. हरवून दाखवा म्हणावं.

फाइल तयार होती. याच मशीनमध्ये. फक्त उघडायची

फॉन्ट लोड होत आहेत

मशीन रीस्टार्ट. नाही. नेटची वायर काढली. नाही. सगळ्या सेटिंग्ज पहिल्यासारख्या केल्या.

नाही.

"शेठ, काल चालत होतं. काल काय टाकलंत यात?"

"मी? काही नाही." मग टेबलावरची धूळ पुसत, "दादांच्या ऑफिसातून पेनड्राइव्ह आलेला. फॉन्टचा फोल्डर होता. ओतला."

"सगळा?"

"सगळा. वेचत कोण बसणार?"

दादा म्हणजे वॉर्डातले पुढारी. उद्या त्यांचा वाढदिवस, चाळीस फ्लेक्स. फोल्डरमध्ये आता जुने-नवे मिळून दोन हजार तीनशे फॉन्ट, कुठला कालचा ते कळायची सोय नाही.

हेमालीने यादी अक्षरांच्या क्रमाने लावली. खालची अर्धी बाहेर काढली. क्लिक.

अडकलं. म्हणजे खोट वरच्यांत. त्यातली खालची अर्धी बाहेर.

अडकलं.

पाचशे पंचाहत्तर. क्लिक. बंद कर. दोनशे अठ्ठ्याऐंशी. क्लिक. हौसामावशी. "होतंय मावशी." बहात्तर. बंद कर. छत्तीस. एक वाजून पाच. अठरा. नऊ. चार.

दोन.

एक.

यादीत सगळ्यात वर, एकटा: एए_दादा_फायनल.

हेमाली हसत सुटली. लाडका फॉन्ट यादीत आधी दिसावा म्हणून दुकानादुकानात नावाच्या सुरुवातीला 'एए' लावतात, ते ती सहा वर्षं बघत होती. तिला आधी सुचायला हवं होतं. दादा कुठेही पहिलेच.

"तो नाही काढायचा!" विनीतशेठ उठले. "त्यांनी स्वतःसाठी बनवून घेतलाय तो."

"तो असेपर्यंत हे उघडत नाही."

"नसेल उघडत तर राहू दे. संध्याकाळी माणूस येतोय म्हणालो ना."

"आमची वेळ तीनची आहे."

"हेमाली, तो काढलास तर उद्यापासून येऊ नकोस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाच्या दुकानात ती रोज दहा तास श्वास घ्यायची. इंकचा वास होता, पण दार उघडं असायचं. घरी खिडक्या दोन वर्षं बंद होत्या.

"उद्या वाढदिवस आहे, शेठ. चाळीस फ्लेक्स. यायला तर लागेल मला." आणि तिने तो फॉन्ट बाहेर ओढला. बाकीचे दोन हजार दोनशे नव्व्याण्णव परत आत टाकले. क्लिक.

निळी चौकट आली आणि गेली.

सत्तेचाळीस नावं साध्या जाड अक्षरांत समोर उभी. पहिलं नाव कोणाचं यावरून सोसायटीत दोन मीटिंगा भांडण झालेलं. शेवटी खोली क्रमांक एकपासून लावलेली.

छपाईचा प्लॉटर घरघरला तेव्हा विनीतशेठ सवयीने पुढे झाले आणि फ्लेक्सची कड सरळ धरली. "डावीकडे सरकतंय," पुटपुटले.

दोन वाजता हौसामावशी रिक्षा घेऊन दारात. गुंडाळी रिक्षात मावेना, दोन्ही बाजूंनी बाहेर. "राहू दे बाहेर," मावशी म्हणाल्या. "बघू दे लोकांना."

तीनला दहा कमी. कल्याणच्या कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीसमोर दोघींनी अर्ज उलगडला. एक टोक खिडकीशी, दुसरं जिन्यापर्यंत. येणारे-जाणारे थांबून वाचू लागले.

कारकून शिक्का हातात घेऊन बघत राहिला. "हे… मी कुठे मारू?"

"कुठंबी मार बाबा," हौसामावशी म्हणाल्या. "जागा काय कमी हाय?"

"शिक्का पुसला जाईल, साहेब," हेमालीने पर्समधून जाड मार्कर काढला. टोपण उघडूनच पुढे केला. "सही करा. तारीख घाला. मोठ्या अक्षरात."