एकाच वेताची जोडी

सत्यशीलाबाई केदारखेड्याच्या फाट्यावर बसमधून उतरली तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. हातातली पिशवी रिकामी, तरी जड लागत होती. लेकीला दिलेलं आंदण परत मागायला जायचं, ते बी भावजयीच्या देखत, हे काय सोपं काम हाय का?

बाईचं माहेर मेंढ्यावाल्यांचं. पुढं कळप विकला, आता जुन्या जालन्यात कापडदुकानांच्या मागं दोन खोल्यांत संसार. पण जनावराबिगर तिला करमत न्हाई, म्हणून तिनं पर्शियन मांजरं पाळली. चपटं नाक, झुबकेदार शेपटी, गल्लीतले लोक मुद्दाम बघायला यायचे. मागच्या साली तिनं रेणुकाचं लग्न सख्ख्या भावाच्या पोराशी, आदिनाथशी, लावून दिलं. पोरगी आपल्याच माणसांत राहिली म्हणून बाई भारी खुश होती. लेकीला आंदणात मेंढी द्यायची त्यांच्यात रीत, पण आता मेंढी कुठून आणणार? तिनं मांजरांची जोडी दिली. बोका आन् मांजरी, एकाच वेतातले, सख्खे भाऊ-बहीण.

इथंच बाई चुकली. तिच्या बापानं कळपात असलं कधी होऊ दिलं नसतं. मेंढा लांबच्या कळपातून आणायचा, घरचा घरच्या मेंढ्यांत सोडायचा न्हाई, हे ती परकरात असल्यापासून बघत आल्ती. पण मांजरं पडली खानदानी! अस्सल जातीत बाहेरचं रक्त कशाला कालवायचं, असं तिला वाटलं. शहाणपण सगळं मेंढ्यांबरोबर विकून बसल्ती म्हणा ना.

मंग हल्ली तिच्या घरची, त्याच आईबापांची नवी पिल्लं भिंतीला धडकायला लागली. भर उजेडातसुद्धा डोळ्यांच्या बाहुल्या सताड उघड्या. तिनं आधी धूळ गेली म्हणून डोळे पुसले, नंतर दृष्ट काढली, शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडं नेली. डॉक्टरनं बारीक बत्ती मारून बघितलं आन् सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा वाळत चाललाय, ह्याला औषध न्हाई. दोष आईच्या बी रक्तात हाय, बापाच्या बी. एकाकडून आला तर तो गुपचूप पडून राहतो, मांजर बिलकुल धडधाकट दिसतं. दोन्हीकडून आला की पिल्लू आंधळं होतं. ह्या वंशाची मांजरं आणखी कुठं असतील तर त्यांची पैदास थांबवा, बोक्याचं ऑपरेशन करून घ्या. बाई ऐकून बाहेर आली आन् रस्त्यातच रडली.

केदारखेड्यात भावजयीनं, वच्छलाबाईनं, दारातच पाणी दिलं आन् कौतुकानं सांगितलं की तुमच्या आंदणाला आता पिल्लं होतील, आमच्याच गल्लीत चार घरांनी मागून ठेवलीत. सत्यशीलाबाईनं तांब्या तसाच खाली ठेवला. वच्छलाबाई चहा टाकायला आत गेली तशी ती लेकीजवळ ओसरीवर टेकली.

रेणुका मांजरीच्या फुगल्या पोटावरून हात फिरवत बसल्ती. तिला स्वतःला बी दिवस गेलेले, पोट आता दिसायला लागलेलं. बाईनं एका दमात सगळं सांगून टाकलं. पिल्लांचे डोळे, डॉक्टरचं बोलणं, एकाच वेताची जोडी द्यायला नको होती ते, बोका घेऊन जाते ते. पोरगी चिडंल, बोलंल, असं तिला वाटलं होतं. रेणुका चिडली न्हाई. तिचा हात तेवढा थांबला, आन् मांजरीच्या पोटावरचा उचलून तिनं आपल्या पोटावर ठेवला.

"आई, एकाच रक्तातली दोघं असली की होतं म्हणून राह्यली ना तू?"

"हं."

"मंग माझं आन् ह्यांचं?"

माणसाचं तसं नसतं गं, असं बाईच्या अगदी ओठावर आल्तं. पण तसं नसतं की असतं, हे तिला तरी कुठं ठावं होतं? खोटा धीर द्यायला बी अंगात जोर लागतो, तो तिच्यात राहिला नव्हता.

"उद्या माझ्यासंग जालन्याला चल," ती म्हणाली. "बोक्याला दाखवू, आन् तुला बी चांगल्या डॉक्टरीणबाईला दाखवू. सगळं विचारून घेऊ."

आतून वच्छलाबाईनं चहासाठी हाक मारली. दोघी बी उठल्या न्हाईत.

"मेंढ्यांचं तर तुला सगळं ठावं होतं ना, आई?"

सत्यशीलाबाईनं खाली बघूनच मान हलवली. ठावं होतं.